विडा चघळणारी सभा

एका राज्यात सगळं होतं, फक्त तळ्याला राखणदार नव्हता. जुना राखणदार वारला, आणि कालभृंग नावाचा जादूगार काठावर चूल मांडून बसला. मंतरलेले काढे उकळी, गाळ तळ्यात ओती. ते पाणी जो पिई, त्याचं अंग पावलांपासून वर वर दगड होत जाई.

राजा सुकेतूने कमळजेला राखणदारीण नेमलं. तिचा बाप, आजा याच तळ्याचे राखणदार. पण सभेने डोक्यावर अक्षता टाकल्याशिवाय तळं शुद्ध करणारा राखणदाराचा चांदीचा दंड हातात चालत नसे. आणि कमळजेला तर क्षणाचीही सवड नव्हती. तिची लेक चिमणा ते पाणी प्यायली होती. पोरीची पावलं दगड झाली होती.

त्या सभेची एक रीत होती. कुणाच्याही तोंडात विडा असेल, तोवर निर्णय द्यायचा नाही. भरल्या तोंडाने शब्द देऊ नये, एवढाच त्यामागचा शहाणपणा. पण या महाभागांनी त्याचं काय केलं बघा! एकाचा विडा संपत आला की दुसरा लगेच तोंडात कोंबी. महासामंत गजकर्णाला तर जादूगाराने सोन्याचं पानदान नजर केलं होतं. मग काय, बसल्या जागेवरून कुणी हलेना.

"महाराज, माझी लेक दगड होते आहे," कमळजा म्हणाली.

राजाने मान खाली घातली. "मुली, नेमणं माझ्या हाती. अक्षता सभेच्या हाती."

गजकर्णाने विडा या गालातून त्या गालात सरकवला. "तुला पाण्याची पारख आहे का, ते पाहू. काचेच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आण."

कमळजा काचेचा डोंगर चढली, पाणी घेऊन आली. सभा चघळतच होती. चिमणा गुडघ्यांपर्यंत दगड झाली होती.

"आता धैर्य पाहू. निजलेल्या राक्षसाच्या मिशीचा केस आण."

तिने तोही आणला. चिमणा कमरेपर्यंत गेली होती.

"साक्षीदार नको का? कधी खोटं न बोलणारा पक्षी आण."

कमळजेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती गेली. घोर अरण्यात एक भारद्वाज बसला होता. तो म्हणाला, "येतो. पण विचारल्याशिवाय मी बोलत नाही, आणि बोलायला लागलो की कुणाची भीड ठेवत नाही."

ती परतली तेव्हा दगड लेकीच्या गळ्याला भिडला होता. कमळजेने पोरीला गाड्यात घातलं आणि गाडा थेट सभेत नेला.

"बघा हिच्याकडे!" ती ओरडली. "माणसं आहात की कोण? तुमचं चघळणं होईस्तोवर माझी पोर संपेल! पक्षीराज, सांगा यांना."

"कमळजा योग्य आहे," भारद्वाज म्हणाला. "हे यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

सभेने नजर चुकवत चघळणं चालूच ठेवलं. निर्लज्ज कुठले!

"आणखी काही?" राजाने विचारलं.

"पानमळ्याला पाणी तळ्याचंच जातं, महाराज. यांनी जरा पाय उचलून पाहावेत."

गजकर्ण पाय उचलायला गेला. उचलेना. दुसऱ्यालाही उचलेना. इतके ऋतू कुणी जागचं उठलंच नव्हतं, तर कळणार कसं? बोटापासून गुडघ्यापर्यंत सगळे दगड! मग जी थुंकाथुंक झाली, काय सांगू! दुसऱ्याच्या लेकरासाठी ज्यांना विडा टाकवला नाही, त्यांनी स्वतःच्या पायांसाठी डोळ्याचं पातं लवायच्या आत अक्षतांचा पाऊस पाडला.

कमळजेने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने गाडा तळ्याकडे वळवला आणि चांदीचा दंड पाण्याला लावला. कालभृंगाची चूल विझली, आणि तो आपल्याच कढईत मिठाच्या खड्यासारखा विरघळला. पाण्याचा काळेपणा ओसरला. राज्यातल्या दगड झालेल्या अंगांत रक्त खेळू लागलं.

चिमणाने मान वळवली. "आई, तहान लागलीय."

कमळजेने ओंजळ भरली, पण हात पुढे होईना. आधी ती स्वतः प्यायली. पायाची बोटं हलवून पाहिली, पुन्हा हलवून पाहिली. मग तिने भरली ओंजळ लेकीच्या ओठांशी नेली. असं पाणी सगळ्यांच्या लेकरांना मिळो, आणि वेळेवर मिळो.