साकवाची रुंदी

एका लहानशा शहरात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्या दवाखान्यात औषध सर्वांना सारखे आणि आदरही सारखा. तरीही ओढ्यापलीकडच्या विणकरवस्तीतील गरोदर स्त्रिया तपासणीला येत नसत. एका वर्षात तेथील दोन बाळंतिणी दगावल्या. वैद्यांच्या तरुण शिष्याने वस्तीत तीनदा व्याख्यान दिले, तरी कोणी फिरकले नाही. “अज्ञान, दुसरे काय!” असे म्हणून तो खिन्न झाला.

मग गुरू स्वतः गेले. एका मागाशेजारी बसून त्यांनी एवढेच विचारले, “बायांनो, यायला अडचण कसली?”

ठकूबाई नावाची म्हातारी म्हणाली, “वैद्यबुवा, पोटुशी बाईनं ओढ्यातल्या दगडांवरनं उड्या मारत यायचं व्हय? अन् पुलावरनं यायचं तर दीड कोसाचा वळसा.”

शिष्य शरमला. त्याने धावपळ करून एका व्यापाऱ्याकडून ओढ्यावर लाकडी साकव, म्हणजे छोटा पूल, बांधण्यासाठी सामान मिळवले आणि नकाशाही काढला. साकव अगदी दवाखान्यासमोर, एक माणूस नीट चालेल एवढा. व्यापारी म्हणाला, “माझे सुतार चार दिवसांत उभा करतील.”

गुरूंनी हात जोडले. “लाकूड द्या, सुतारही द्या. मात्र ते ठकूबाईंच्या हाताखाली राहतील. जागा आणि रुंदी वस्ती ठरवील.”

शिष्याला हे मुळीच पटले नाही. “गुरुजी, तिकडे वस्तीतल्या मैनाचे दिवस भरत आलेत. अशा वेळी चर्चा कसली?”

पण गुरू बधले नाहीत. वस्तीत सहा दिवस नुसता वाद चालला. शेवटी जागा ठरली ती ओढ्याच्या वरच्या अंगाला, काठ उंच होता तिथे. आणि रुंदी नकाशाच्या दुप्पट. लाकूड अपुरे पडले, तेव्हा विणकरांनी घरोघरचे जुन्या मागांचे वासे आणून दिले. साकव उभा राहिला.

त्यानंतर पाचव्या दिवशी भर दुपारी ओढा दुथडी भरून वाहत असताना मैनाला कळा सुरू झाल्या. मूल आडवे होते. चौघांनी तिला बाजेवर घेतले आणि बाज साकवावरून थेट दवाखान्यात आणली. शेजारून तिचा हात धरून ठकूबाई चालत होती. गुरूंनी आणि शिष्याने शर्थ केली. दिवस कलताना मूल रडले. मैनाने डोळे उघडून पाणी मागितले.

शिष्य भिंतीला टेकून खाली बसला. “माझ्या साकवावरून बाज आली नसती,” तो पुटपुटला. “आणि माझ्या जागी तर आज पाणी चढले आहे.”

गुरू त्याच्याजवळ बसले. “तुझी कळकळ खरी होती, बाळा. पण बाज किती रुंद असते, हे ती खांद्यावर वाहणाऱ्याला माहीत. औषध आपण देऊ शकतो. आरोग्याची वाट मात्र ज्यांना चालायची आहे, त्यांनाच आखू द्यावी. त्याला चार दिवस जास्त लागतात. ते लागू द्यावेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य एकटाच वस्तीत गेला. ठकूबाई दारातच सूत उकलत होती.

“आजी, अजून काय काय अडतं हो तुमचं?” त्याने विचारले.

ठकूबाईने त्याच्याकडे नीट पाहिले आणि पुढ्यातले सूत बाजूला सारले. “बसा आधी,” ती म्हणाली, “सांगते.”