सोनकूचा हात दोराला लागला

सहा-सातशे वर्षांपूर्वी संत वेरानो महाराज ख्रिस्ताची वार्ता घेऊन दूरदेशाहून आले आणि वसईच्या खाडीकाठी खारोंडी नावाच्या कोळीवाड्यात राहिले. अंगात जाडाभरडा झगा, पाय अनवाणी. कोळणींबरोबर सुकट पसरता पसरता ते प्रार्थना शिकवीत. त्यांच्यापाशी सर्वांत आधी आली ती सोनकू, समुद्रात बुडालेल्या रायजी खलाशाची विधवा.

रायजी ज्याच्या होडीवर कामाला होता, त्या गोमा तांडेलाचा नवा मचवा एके दिवशी पाण्यात लोटायचा होता. अशा वेळी सारा गाव दोर ओढी. फक्त विधवेने दोराला शिवायचे नाही, अशी रीत. सोनकूने हात पुढे केला, तसा गोमा खेकसला,

"हो मागं! नवरा गिळलास, आता माझा मचवा गिळतेस? तुझ्या त्या गोऱ्या बाबाला बोलाव ओढायला!"

माणसे खदखदून हसली. सोनकू बाजूला झाली.

पण मचवा अर्ध्या वाटेवर चिखलात असा रुतला की चाळीस माणसे ओढून थकली. त्यांनी दोर टाकला. उधाणाचे पाणी ओसरू लागले होते. ते गेले की मचवा कलंडून मोडणार! गोमाची सात वर्षांची मेहनत होती ती.

महाराज चिखल तुडवीत आले. "सगळ्यांनी हात लावला?"

माणसांनी सोनकूकडे पाहिले.

"सोनकूबाय, ये पाहू."

तिने एकटीने दोर धरला. महाराजांनी क्रुसाची खूण करून डोळे मिटले. आणि काय सांगावे! मचवा हलला, सरकला, बदकासारखा अलगद पाण्यात उतरला!

गाव ओरडू लागला. गोमा मात्र मान खाली घालून उभा. रायजी पाण्यात पडला, ती संध्याकाळ त्याला आठवत होती. तो महाराजांच्या पायांशी वाकला. त्याची जीभ आपोआप सुटली.

"रायजीची हाक मला ऐकू आली होती. जाळं भरलेलं होतं. मी होडी वळवली नाही. आणि गावात सांगितलं, बायकोच अपशकुनी."



"ठाऊक होतं, तांडेल," सोनकू म्हणाली. "दुसऱ्या खलाशानं तेव्हाच सांगितलं मला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

भर गावात गोमाने तिच्यापुढे चिखलात डोके टेकले. उठायचे धैर्य त्याला होईना. शेवटी तिनेच त्याला हात दिला.