नारिंगी कव्हराचा कौल

“उद्या भरदरबारात सिद्ध कर! कुणालाही एक शब्द न विचारता प्रत्येकाच्या मनातलं मला दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर बाडबिस्तरा उचल आणि दिवस मावळायच्या आत राज्याची वेस ओलांड!”

असा हुकूम सोडून चांदवणीचे रणधवल महाराज तरातरा निघून गेले आणि दरबारात जाजमं अंथरणारा भिकू फरास होता तिथेच मटकन बसला.

त्याचं झालं असं. महाराजांना विलायती गाण्यांचं भारी वेड. वर्षभर सातासमुद्रापलीकडून रेकॉर्डी यायच्या आणि दसऱ्याच्या दरबारात महाराज वर्षाचा सर्वोत्तम अल्बम जाहीर करायचे. यंदा शेवटी तीन उरले होते: निळ्या कव्हरातला जॅझ, नारिंगी कव्हरातला फंक आणि काळ्या कव्हरातला रॉक. त्यातच शेजारच्या राजानं कळवलं, की खरे जाणकार फक्त जॅझ ऐकतात. झालं! महाराजांनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिन्ही रेकॉर्डी लावल्या, पण मान डोलावली ती जॅझलाच. ती बघून दिवाणजींची डोलली, त्यांची बघून सरदारांची डोलली, आणि शेवटी दारावरचा भालदारही डोलू लागला. तो तर ठार बहिरा होता!

“काय रे भिकू, तुला कोणता आवडला?” महाराजांनी गमतीनं विचारलं.

भिकूला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि दरबारात ती किती लागते याची कल्पनाही नव्हती. “नारिंगी, महाराज! आन् खरं सांगू? समद्यांना त्योच आवडलाय. पर ही मंडळी कानानं ऐकतच न्हाईत. आपल्या मानेकडं बघून ऐकत्यात!”

महाराजांचा पारा चढला तो यावरूनच.

घरी येऊन भिकूनं सगळं आपल्या लेकीला, सारजाला, सांगितलं. या गावाबाहेर बापलेकीचं होतं तरी कोण? पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. ती हुशार होती, आणि हुशारीपेक्षा खट्याळ जास्त.

“आबा, समद्यांना नारिंगी आवडलंय, हे तुमाला कसं कळलं?”

“अगं, ती रेकॉर्ड लागली की जाजमाला सुरकुत्या पडत्यात. दर खेपेला मलाच वडून सरळ करावं लागतं.”

सारजा खुदकन हसली. “उद्या कंचं जाजम घालणार?”

“नवं, धुतलेलं. जाता जाता तरी काम चोख करावं.”

“ते ऱ्हाऊ द्या. शिमग्यापासून कोठीत पडलंय ना, ते थोरलं घाला. आन् झटकू नका!”

“न झटकता? अगं, फरासाची अब्रू जाईल!”

“अब्रू मागनं धुऊन घेऊ, आबा. गाव गेलं तर कुठनं आणायचं?”

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. सारे मांडी घालून बसले. सारजानं पुढं येऊन मुजरा केला.

“महाराज, आबांच्या वतीनं मी हाय. आजच्यापुरता एक हुकूम सोडावा. रेकॉर्ड वाजताना कुणी मान हलवायची न्हाई, हात हलवायचा न्हाई, तोंडातनं ब्र काढायचा न्हाई. महाराजांनीसुदीक!”

“आम्हीसुद्धा?”

“आपली हलली की समद्यांची हलणार!”

महाराजांनी मिशीला पीळ दिला. “मंजूर! पण मान नाही, हात नाही, तोंड नाही. मग मनातलं दिसणार कुठं?”

“झरोक्यातनं जाजमावर ऊन पडलंय ना, तिकडं बघावं.”

जॅझ लागला. ट्रम्पेट गोड घुमलं. मागच्या रांगेत एका म्हाताऱ्या शास्त्रीबुवांचा गुडघा हलला आणि उन्हात धुळीची एक बारीक रेघ चढली. मग रॉक लागला. गिटार कडाडली आणि तरुण शिलेदारांच्या कोपऱ्यातून धुळीचा लोट उठला.

मग नारिंगी कव्हरातली तबकडी फिरली. धुम्-ताक, धुम्-ताक! माना ताठ, हात मांडीवर, ओठ घट्ट. पण गुडघे! रांगच्या रांग गुडघे जाजमावर आपटू लागले. दिवाणजींना आपला गुडघा दाबून धरायचा होता, पण हात हलवायला बंदी! बघता बघता उन्हाचा कवडसा दिसेनासा झाला आणि दरबारात शिंकांची माळ लागली.

“बंद करा!” महाराज खोकत ओरडले. “हे काय आहे?”

“दरबाराचं मत, महाराज! माना आपल्या ताब्यात, हात आपल्या हुकमात. गुडघ्यांना तेवढी दरबारी रीत कुणी शिकवली न्हवती. जॅझला चिमूटभर धूळ, रॉकला एका कोपऱ्यापुरती, आन् नारिंगीला किती, ते आपणच बघावं!”

महाराजांनी डोळे पुसले, पण हट्ट सोडला नाही. “दरबाराचं कळलं. आमचं मत मात्र जॅझलाच!”

“तसंच असंल, महाराज,” सारजा नम्रपणे म्हणाली. “मग शिंव्हासनापाशी सगळ्यात दाट ढग उठला, तो उडवणाऱ्या जरीच्या मोजड्या कुणाच्या, याचा तपास लावावा लागंल.”

भिकूनं डोळेच मिटून घेतले. महाराजांनी खाली पाहिलं. जरीच्या मोजड्या धुळीनं पांढऱ्याफटक झाल्या होत्या, आणि तबकडी थांबली तरी उजवी अजून ठेका धरून होती!

महाराजांना असं काही हसू फुटलं, की त्यांच्या मुंडाशाचा तुरा निसटून पडला. नारिंगी अल्बम वर्षाचा सर्वोत्तम ठरला. भिकूला सोन्याचं कडं आणि राजवाड्याशेजारी घर मिळालं.

“आणि पोरी, तुला काय हवं? माग!”

“एवढं जाजम झटकायला आबांना चार दिवस लागतील, महाराज. त्यांच्या मदतीला दिवाणजी द्यावेत.”

“दिले!” महाराज हसत हसत म्हणाले.

थोड्याच वेळात वाड्याच्या चौकात दिवाणजी धोतर खोचून, काठी घेऊन जाजम बडवत होते. सज्जात ग्रामोफोन मोठ्यानं वाजत होता आणि महाराज वरून ओरडत होते, “दिवाणजी, ठेका सोडू नका!”