वाकड्या टाक्यांची चोळी

एका बाजाराच्या गावात एक शिंपी होता. हात सोन्याचा, तोंड मात्र बाभळीचं. टाका इतका बारीक घालायचा की शिवण शोधावी लागे, आणि हे तो स्वतःच इतक्यांदा सांगायचा की ऐकणाऱ्याचे कान किटत.

त्याच्या दुकानाला पाटी नव्हती. सून हीच त्याची पाटी. नवी तऱ्हा काढली की पहिली चोळी सुनेच्या अंगावर चढवायची आणि तिला पाणवठ्यावर धाडायचं. बायका बघायच्या, हात लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी कापड घेऊन दुकानात हजर.

पुढं सुनेला मुलगा झाला. नेमक्या त्याच वर्षी शिंप्यानं नवी चोळी काढली होती. समोरून सपाट, अंगाला चापून बसणारी, गुंड्या सगळ्या पाठीवर. दिसायला झकास! पण पोर भुकेनं रडलं की सुनेनं आधी गुंड्या काढायला माणूस शोधायचं. तोवर पोर रडून रडून काळंनिळं.

सून म्हणाली, "मामंजी, समोरून उघडेल अशी एक चोळी द्या ना शिवून. कसलंही कापड चालेल."

"बघू. लग्नसराई आहे. गिऱ्हाइकाचं आधी, घरचं मागनं."

थोड्या दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. शिंप्यानं मान वर केली नाही. "पाजायलाच हवीये ना? ती कोण बघणार आहे? मग घाई कसली!"

नवऱ्याला सांगावं, तर तो बापाशेजारी बसून गुंड्यांची काजं करायचा. बापासमोर काजाएवढंही तोंड उघडत नसे.

शेवटी सुनेनं नवऱ्याचं जुनं धोतर घेतलं आणि स्वतःच कापलं. शिवण तिला कुणी शिकवली नव्हती. बोटं टोचून घेत घेत तिनं चोळी शिवली. समोर दोन पदर, एकावर एक. वरचा उचलला की पोराचं तोंड आत. टाके म्हणाल तर बैल मुतत गेल्यासारखे. पण पोर पोटभर पिऊ लागलं, झोपेत हसू लागलं.

एक दिवस ती चोळी दारातल्या दोरीवर वाळत होती. शिंप्याची नजर गेली.

"हे कुणाचं काम? रस्त्यानं गिऱ्हाईक जातंय! शिंप्याच्या दारात असले टाके?"

"अहो, पोर त्यातनं दूध पितंय," त्याची बायको म्हणाली. "ते काय टाके बघत बसतंय?"

शिंप्यानं कात्री घेतली आणि टाका न टाका उसवला. चिंध्या सुनेपुढं टाकल्या. "उद्यापासून पाटलाच्या घरी लग्न आहे. चार दिवस नवी चोळी घालून मांडवात पुढं बसायचं. पाटलीणबाईंच्या डोळ्यात भरली तर वर्षभर मान वर करायला फुरसत नाही."

"आणि बाळ?"

"शेळीचं दूध आहे की!"

सून मांडवात बसली. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, "काय शिवण गं ही!" पाठीकडं सगळ्यांनी बघितलं, तोंडाकडं एकीनंही नाही. घरी पोर बोंडल्यातलं दूध थुंकून टाकत होतं, इकडं हिची छाती दगडासारखी झाली होती. संध्याकाळी घरी येऊन पाजायला घ्यावं, तर पोराचं बोटही सोसवेना. चौथ्या दिवशी ताप भरला. गाठी पिकल्या. वैद्यानं लेप लावले. बाई वाचली, दूध आटलं.

माहेरचा भाऊ आला आणि मायलेकरांना घेऊन गेला. नवरा काजं करत राहिला.

शिंप्याकडं काम मात्र आलं. ढिगानं आलं. फक्त मागच्या खोलीतलं रडणं थांबलं होतं, आणि ते नसलं की त्याला टाका घालणं सुधरेना. मग एक दिवस त्यानं गिऱ्हाइकांची कापडं बाजूला सारली, घरातलं सगळ्यात मऊ कापड काढलं आणि सुनेनं केली होती तशी, समोर दोन पदरांची चोळी शिवली. जन्मात शिवली नव्हती इतकी सुरेख. ती घेऊन तो चालत सुनेच्या माहेरी गेला.

सून उंबऱ्यात बसली होती. मांडीवर पोर, हातपाय काटकुळे. तिनं चोळी उलटी करून शिवण पाहिली.

"फार छान शिवलीय, मामंजी. टाका दिसतसुद्धा नाही." तिनं नीट घडी घातली आणि परत त्याच्या हातात दिली. "आता काय पाजू यातनं?"

शिंप्याची नजर पोराकडं गेली. पोराच्या अंगात झबलं होतं. त्यानं ओळखलं, उसवलेल्या त्याच चिंध्या होत्या. टाके तसेच वाकडे. पण एकही निसटला नव्हता. त्यानं हात पुढं केला, तर पोरानं परका माणूस बघून आईच्या कुशीत तोंड खुपसलं.

ती चोळी अजून दुकानात टांगलेली आहे. गिऱ्हाईक बघतं आणि विचारतं, "वा! कुणासाठी शिवली हो?" शिंपी सुईत दोरा ओवायचं निमित्त करून खाली बघतो.

तात्पर्य हवंच असेल तर घ्या: ज्याच्या अंगाला कापड लागतं, त्याची गरज त्यालाच कळते. शिवून द्यायचं नसेल तर देऊ नका, पण तिनं शिवलेलं उसवायला तरी जाऊ नका. उसवलेली चोळी पुन्हा शिवता येते, आटलेलं दूध नाही.