लेसरची नैऋत्य

बजरंगशेठ चौगुल्यांनी सव्वा कोटीचं लेसर कटिंग मशीन घेतलं आणि दिवसातला निम्मा वेळ ते नुसतं उभं ठेवलं. कारण वास्तुशास्त्र! कुणा गुरुजींनी सांगितलं होतं, अग्नी आग्नेयेला, जड माल नैऋत्येला. म्हणून मशीन शेडच्या एका टोकाला आणि कापायचे लोखंडी पत्रे दुसऱ्या टोकाला. तेही एक मिलिमीटरपासून दहापर्यंत सगळ्या जाडीचे, एकाच ढिगात. हवा तो पत्रा नेमका तळाशी असायचा. क्रेनने वरचे उतरवायचे, हवा तो ओढायचा, बाकीचे परत चढवायचे. तोवर मशीन गप्प आणि ऑपरेटर चिवडा खात बसलेला.

एके दिवशी शेठचं डोकं तापलं. पत्रे काढून देणाऱ्या शेवंताला त्यांनी बोलावलं.

"शनिवारी दिवसभर मशीन माझ्यासमोर चाललं पाहिजे. माणूस जादा मिळणार नाही. मशीन आग्नेयेतून हलणार नाही आणि जड माल नैऋत्येतच राहील. एक मिनिट जरी मशीन थांबलं, तर सोमवारपासून घरी बसायचं."

शेवंताच्या नवऱ्याचं काम सुटलेलं, घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं. त्या गुरुजींनाच ढिगाच्या तळाशी ठेवावं असं तिला वाटलं. पण तिनं विचारलं वेगळंच.

"मालक, तुमच्या घरात नैऋत्य एकच हाय का?"

"छे! घराची वेगळी, प्रत्येक खोलीची वेगळी. झोपायच्या खोलीच्या नैऋत्येला माझी तिजोरी आहे."

"म्हंजे खोली तिथं नैऋत्य?"

"अर्थात."

"मग मशीनला एक खोली करू या की."

शेठनी वाद घालायला तोंड उघडलं, पण शास्त्र त्यांचंच होतं. त्यांनी जाळीवाल्याला फोन लावला.

दोन दिवसांत मशीनभोवती जाळीची खोली उभी राहिली. तिच्या नैऋत्य कोपऱ्यात, मशीनपासून चार पावलांवर, शेवंतानं भंगारातल्या लोखंडी अँगलचा रॅक करून घेतला. प्रत्येक जाडीला वेगळा कप्पा. एक पत्रा कापला जात असतानाच पुढचा ट्रॉलीवर तयार.

शनिवारी शेठ सकाळपासून खुर्ची टाकून, घड्याळ हातात धरून बसले. मशीन चालतच राहिलं. ऑपरेटरला चिवड्याची पुडी उघडायची फुरसत मिळेना. शेठ तर लघवीलासुद्धा उठले नाहीत.

पावणेपाचला मशीन थांबलं.

"थांबलं!" शेठ ताडकन उठले. "बस आता घरी."

"मालक, पत्रा ट्रॉलीवर तयार हाय. मशीन तयार हाय. आमीबी तयार हाय. पर हातातली समदी कामं कापून संपली. ऑर्डरी आणायचं काम कुणाकडं असतं?"

"माझ्याकडं," शेठ बोलून गेले.

"मग सोमवारपासनं घरी कुणी बसायचं?"

ऑपरेटरनं घाईघाईनं पाठ फिरवली. शेठ क्षणभर लालबुंद झाले आणि मग इतके हसले की खुर्चीचा आधार घ्यावा लागला. त्याच संध्याकाळी त्यांनी शेवंताला गोदामाची सुपरवायझर केलं, पगार दीडपट केला. आणि सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला बजरंगशेठ बॅग उचलून ऑर्डरी आणायला बाहेर पडले.