लाकडी विमान आणि सरस

फार पूर्वी एका लढाईत धातूचा तुटवडा पडला, तेव्हा टेबलखुर्च्या बनवणाऱ्या सुतारांनी चक्क लाकडाचं विमान बांधलं. पातळ फळ्या एकावर एक ठेवून त्यांनी त्या दुधापासून केलेल्या सरसाने चिकटवल्या.

"कपाट उडायला निघालं!" पत्र्याची विमानं हसली. पण ते कपाट इतकं हलकं निघालं, की शत्रूला ते गाठताच येईना. मग त्याच्यावर नाही नाही ती कामं येऊन पडली. त्याने बाँब टाकले, उंचावरून फोटो काढले, टपालसुद्धा पोचवलं.

मुक्कामाला आलं की विमानात वाद रंगायचा. इंजिन म्हणे, "वेग माझा." कॅमेरा म्हणे, "नजर माझी." बंदूक म्हणे, "दरारा माझा." फळ्या म्हणत, "अंग तर आमचंच ना!" सरस काही बोलत नसे.

पुढे विमानाला एका गरम, दमट मुलखात पाठवलं. तिथे सरसाने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मला ही ओल सोसत नाही. मी सुटत चाललोय. फळ्यांनो, तुम्ही जरा करकरा, म्हणजे सुतार बघायला येईल."

"आम्ही चांगल्या धडधाकट आहोत," फळ्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी आम्ही कशाला करकरायचं?"

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं आणि विमान जागच्या जागी उकललं. सुतार धावत आला. त्याने एकेक वस्तू उचलून पाहिली.

"फळ्या शाबूत, इंजिन शाबूत, कॅमेरा, बंदूक, सगळं शाबूत," तो म्हणाला. "विमान तेवढं राहिलं नाही."