हिरा धरणारे सोने

लहानांनो आणि थोरांनो, फार फार पूर्वी, नद्यांवर अजून पूल नव्हते तेव्हाची ही गोष्ट. एका गावात रायाजी नावाचा, धान्य मोजून देणारा मापारी राहत होता. एके सकाळी तो अंगणात तूर वाळत घालत असताना कासारीण बांगड्यांची पाटी घेऊन आली.

"मापारी, आज बांगड्या विकायला नाही, भरायला आलेय," ती म्हणाली. "तुमच्या हौसाला खालच्या आळीचा होकार आलाय. पंचमीला लग्न."

रायाजीने हातातली तूर खाली सोडली, घरात जाऊन कोनाड्यातली पुरचुंडी उघडली. आत एक हिरा होता. हौसाच्या आईने जाताना तो लेकीसाठी मागे ठेवला होता. आईचे म्हणावे असे घरात आता तेवढेच होते.

त्या गावाला आपल्या सोन्याचा भारी अभिमान. लग्नाच्या सकाळी नवरीचा दागिना चावडीवर सर्वांसमोर काळ्या कसोटीच्या दगडावर घासायचा, अशी तिथली रीत. रेघ पिवळीधमक उमटली तर वाहवा. जराशी लालसर उमटली तर बायका तोंडाला पदर लावून हसत.

म्हणून रायाजी भिवा सोनाराकडे गेला तो ठरवूनच.

"काका, अंगठी घडवा. सोनं अगदी निखळ, मिसळ नको."

"हिरा झाकून बसवू की उघडा?"

"उघडा. खालूनही उजेड आला पाहिजे."

"मग त्याला सोन्याच्या चार इवल्याशा बोटांनी धरावं लागेल," म्हातारा भिवा म्हणाला. "निखळ सोनं लोण्यासारखं मऊ. थोडं तांबं, थोडी चांदी घालू दे मला."

"आणि चावडीवर माझं नाक कापू दे?"

भिवा हसला. "नाक तुझं, हिरा लेकीचा. बघ बाबा." पण रायाजी ऐकेना. अंगठी निखळ सोन्याची झाली.

लग्नाआधी दोन दिवस बायका हळद दळायला जमल्या. हौसाने कौतुकाने अंगठी घातली आणि जात्याचा खुंटा धरला. दहा-बारा फेरे झाले असतील. कोणीतरी म्हणाले, "अगं, तुझा हिरा कुठाय?"

अंगठीची चारही सोन्याची बोटे उलगडून आडवी झाली होती. हिरा गेला होता.

 हौसा तो हात दुसऱ्या हाताखाली झाकून बसली. रायाजीला ते बघवेना.

दळलेली हळद चाळली, अंगण झाडले, जात्याचा वरचा दगड उचलला. चमकणारे सात खडे सापडले आणि प्रत्येकीला आपलाच खरा वाटला. भिवा आला. त्याने एक खडा जिभेला लावला. "ही खडीसाखर. फार गोड हिरा आहे." बायका हसू लागल्या. मग त्याने उरलेले सहा ओळीने मांडले आणि एकेकावर तोंडाची वाफ सोडली. पाच खडे धुरकटले ते धुरकटच राहिले.

"ही तर माझ्या बांगड्यांची काच," कासारीण म्हणाली. "चमकते की नाही पण?"

सहाव्यावर वाफ बसली आणि लगेच उडून गेली. हौसाने झाकलेला हात बाहेर काढला.

"काका," रायाजी म्हणाला, "तांबं घाला, चांदी घाला. तुम्हाला हवं तेवढं."

"तीन वाटे सोनं, एक वाटा बाकीचं. त्याहून जास्त कशाला?"

पंचमीला चावडी भरली. दगडावर रेघ उमटली, लालसर. पाटलांनी ती दोनदा पाहिली. "रायाजी, हे काय?"

 रायाजी सगळ्यांसमोर म्हणाला, "मिसळ आहे, पाटील. मीच घालायला लावली. निखळ सोन्यातून हिरा पडला होता."

कोणी हसायच्या आत हौसाची सासू पुढे आली. तिने आपल्या बोटातली अंगठी फिरवली. खड्याची बाजू तळव्याकडे होती, ती वर आली. कोंदण रिकामे होते.

"वीस वर्षं पालथी घालते," ती म्हणाली. "लाजेने कुणाला सांगितलं नाही."

 मग पाटलीणबाईंनी हळूच आपली अंगठी फिरवली. ती रिकामी. सावकारीण, तिची जाऊ, तिची नणंद, सगळ्यांच्या रिकाम्या. कोणीतरी आधी खुदकन हसले, आणि मग सारी चावडी पोट धरून हसत राहिली. पाटील सर्वांत जास्त हसले. वाजंत्री कधी सुरू झाली ते कोणाला कळलेही नाही.

तेव्हापासून त्या गावात दागिना दगडावर घासून झाला की कानाशी नेऊन हलवूनही बघतात. खडा वाजला नाही, तरच नवरीच्या हातात देतात. भिवाच्या दुकानापुढे वर्षभर रांग होती. हौसाचा हिरा तिच्या नातीच्या बोटातही हलला नाही.

ज्याला दुसऱ्याला धरून ठेवायचे आहे, त्याने निखळपणाचा हट्ट थोडा सोडावा.

हौसाची आई होती तेव्हा, निखळ सोने पुरेसे जमले की याच हिऱ्याची अंगठी घडवू, असे रायाजी तिला दरवर्षी सांगत असे. ती गेली, आणि तिच्यासाठी ती अंगठी घडवायची राहून गेली.